पुस्तक हाती देणारी माणसे
(विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या सत्कार समारंभातील भाषण)



दरवर्षी वर्धापनदिनी आपण दहावी-बारावीत चांगले गुण मिळविणाऱ्या मुलामुलींचा सत्कार करतो. प्रथा चांगलीच आहे. पण यंदा समितीच्या बैठकीत एका भगिनीने विचारले, "ही मुलं ज्या वाचनालयात बसून शिकली, तिथल्या माणसांना आपण कधी एक फूल तरी दिलं काय ?" कुणाकडेच उत्तर नव्हते. म्हणून आज सार्वजनिक वाचनालयाचे ग्रंथपाल, देवघेवीच्या टेबलावरच्या ताई आणि शिपाईमामा यांना आम्ही आग्रहाने बोलाविले आहे. "आमचं कसलं कौतुक, आमचं तर कामच आहे," असे मामा म्हणत होते. त्या कामाविषयीच दोन शब्द बोलावयाचे आहेत.

बाबासाहेबांचे ग्रंथप्रेम आपल्या घरातल्या लहान मुलालाही ठाऊक आहे. दादरच्या हिंदू कॉलनीत राजगृह बांधताना त्यांनी आधी ग्रंथांच्या जागेचा विचार केला. १९२४ साली त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली, तेव्हा वाचनालये काढणे हेही तिच्या उद्दिष्टांत होते. लंडनला शिकत असताना ते ब्रिटिश म्युझियमच्या वाचनकक्षात तासन् तास बसत. तिथे पद्धत अशी होती की, वाचकाने चिठ्ठीवर पुस्तकाचे नाव लिहून द्यावयाचे आणि सेवकाने ते कोठारातून काढून टेबलावर आणून ठेवावयाचे. बाबासाहेबांसमोर अशी किती पुस्तके कुणी कुणी आणून ठेवली असतील ! त्या सेवकांची नावे आज आपल्याला ठाऊक नाहीत. पण त्यांच्या हातून गेलेल्या पुस्तकांचा लाभ तुम्हा-आम्हाला झाला, हे विसरता येत नाही.

आपल्या देशात ग्रंथालयाच्या कामाला शास्त्राची बैठक दिली ती डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी. गणिताचे प्राध्यापक असलेले रंगनाथन १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. १९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. त्यांतले एक वाचकाचा वेळ वाचविण्याविषयी आहे. १२ ऑगस्ट हा त्यांचा जन्मदिन देशभर ग्रंथपाल दिन म्हणून पाळतात. महाराष्ट्र शासन उत्कृष्ट सार्वजनिक ग्रंथालयांना बाबासाहेबांच्या नावाने आणि ग्रंथालय क्षेत्रातील उत्कृष्ट कार्यकर्ते व सेवक यांना डॉ. रंगनाथन यांच्या नावाने पुरस्कार देते. असे पुरस्कार मिळविणाऱ्या सर्वांचे अभिनंदनच आहे. पण पुरस्कार मोजक्यांनाच मिळतो, आणि सेवा तर रोज चालू असते.

रोजची म्हणजे कशी ? आपल्या वस्तीतल्या एका मुलीकडे अनामत भरायला पैसे नव्हते. ताईंनी स्वतःच्या कार्डावर तिला पुस्तके दिली, तीही दोन वर्षे. आज ती मुलगी नर्सिंग शिकते आहे. आपल्यातले एक आजोबा अक्षरशत्रू. ते रोज सकाळी वाचनालयात जातात आणि झाडलोट आटोपली की मामा त्यांना पेपर वाचून दाखवतात. परीक्षेच्या दिवसांत अभ्यासिका रात्री दहापर्यंत उघडी राहते. मुलं उठेपर्यंत ग्रंथपालसाहेब किल्ल्या घेऊन बसून असतात. वाळवी लागू नये म्हणून कपाटे हलविणे, सुटलेली पाने चिकटविणे, दाखलनोंद वही नीट ठेवणे ही कामे तर कुणाच्या डोळ्यांना दिसतही नाहीत.

महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ साली झाला. शासनाच्या अनुदानावर चालणारी बहुतेक वाचनालये स्थानिक संस्थांची आहेत. तिथल्या सेवकांचा पगार तुटपुंजा. वेतनश्रेणीची मागणी ते वर्षानुवर्षे करीत आले आहेत. अशा स्थितीतही ही माणसे वाचकाशी गोड बोलतात. सम्यक आजीविका याहून वेगळी काय असते ?

आता थोडे आपल्या चुकीविषयी. दुसऱ्याकडे बोट दाखवीत नाही, आमच्याच घरातली गोष्ट सांगतो. वाचनालयाचा एक ग्रंथ आमच्याकडे तीन वर्षे पडून होता. एकदा ताई रस्त्यात भेटल्या. रागावल्या नाहीत, एवढंच म्हणाल्या, "वाचून झाला असेल तर द्या, एक मुलगा दोनदा विचारून गेला." आम्हाला फार लाज वाटली. तो मुलगा कोण, हे आम्ही विचारलेसुद्धा नाही. त्याची परीक्षा तोवर होऊन गेली असेल. ग्रंथ आमच्या कपाटात शोभेला राहिला आणि वाचणारा रिकाम्या हाताने परतला.

म्हणून शाल आणि पुष्पगुच्छ देऊन आपण मोकळे होऊ नये. समितीच्या वतीने आमची तीन गोष्टींची विनंती आहे. पहिली, प्रत्येक घरातून निदान एक सभासद व्हावा. वाचनालयाचा दर्जा ठरविताना ग्रंथसंख्येबरोबर सभासदसंख्याही पाहतात आणि दर्जावर अनुदान ठरते. तेव्हा आपल्या वर्गणीने या तिघांचेही हात बळकट होतील. दुसरी, घरात राहून गेलेली वाचनालयाची पुस्तके येत्या पौर्णिमेपर्यंत विहारात आणून द्यावीत. नाव विचारले जाणार नाही, समिती ती एकत्र नेऊन पोहोचवील. तिसरी, उद्यापासून वाचनालयात गेल्यावर मामांना आधी जयभीम घालावा, मग पेपर उचलावा.

ताई, मामा, साहेब, आपण आमच्या मुलांना पुस्तके दिलीत. ती वेळेवर परत करणे हे आमचे काम. तो शब्द आज या विहारात आम्ही देतो आहोत.

भवतु सब्ब मंगलं ! जयभीम !