पथ्य रुग्णाचे, व्रत कुटुंबाचे



रुग्णाच्या भेटीला शहाळे घेऊन जावे, ही आपल्या समाजाची जुनी रीत. त्यामागील भाव निर्मळ आहे. परंतु मूत्रपिंडाच्या जुनाट विकाराने ग्रस्त व्यक्तीला तेच शहाळे घातक ठरू शकते. निरोगी मूत्रपिंडे अतिरिक्त पोटॅशियम लघवीवाटे बाहेर टाकतात. ती दुबळी झाली की ते रक्तात साठते आणि हृदयाची लय बिघडून प्राणावर बेतू शकते. एकादशीच्या फराळातील बटाटा, रताळे, केळे व खजूर यांतही ते भरपूर असते. रक्ततपासणीत पोटॅशियम वाढलेले आढळल्यास असे पदार्थ वैद्यकीय सल्ल्यानेच घ्यावेत. बटाटा सोलून, चिरून, भरपूर पाण्यात उकडावा आणि ते पाणी टाकून द्यावे.

मिठाचेही तसेच. दिवसाकाठी सर्व मिळून ५ ग्रॅम, म्हणजे साधारण एक लहान चमचा, ही मर्यादा. लोणचे, पापड, फरसाण यांतील मीठ त्यातच मोजावे. सैंधवातही सोडियम असतेच. आणि ‘कमी सोडियम’च्या मिठात बहुधा पोटॅशियम मिसळलेले असते.

प्रथिनांबाबत मात्र अनेक घरांत गफलत होते. डायलिसिसपूर्वी ती मर्यादित ठेवण्यास सांगितले जाते. डायलिसिस सुरू झाल्यावर अधिक लागतात. जुनेच पथ्य चालू राहिल्यास रुग्ण कुपोषणाने खंगतो. पाणी किती प्यावे, हेही प्रत्येकाचे निराळे असते. आयुर्वेदाविषयी श्रद्धा असावी. पण तिचा आधार घेऊन अनोळखी भस्मे देऊ नयेत. वेदनाशामक गोळ्याही परस्पर घेऊ नयेत.

डायलिसिस बहुधा आठवड्यातून तीनदा, दर वेळी सुमारे चार तास चालते. २०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमात दारिद्र्यरेषेखालील रुग्णांना जिल्हा रुग्णालयांत ही सेवा विनामूल्य मिळते. परंतु तेथवर नेणारा, सोबत बसणारा, घरच्या गृहिणीला चार घटका विसावा देणारा माणूस कोणतीही योजना पुरवू शकत नाही. ते काम शेजाऱ्याचे आणि कार्यकर्त्याचे आहे.

पंक्तीत एकट्याचेच ताट अळणी असले, तर रुग्णाला आपण घराला भार झालो असे वाटू लागते. सर्वांनीच मीठ कमी केले, तर त्याचे पथ्य सुसह्य होते आणि घरातील इतरांच्या रक्तदाबालाही आळा बसतो. म्हणून पुढच्या भेटीत शहाळे नेऊ नये, वेळ न्यावा. रुग्णाला त्याचीच अधिक गरज असते.