वकीलपत्रावरचा अंगठा



काळभैरवनाथाच्या या सोनारी गावात स्वागत समितीच्या वतीने मी आपणा सर्वांचे मनःपूर्वक स्वागत करतो. वकिलांची परिषद खेड्यात भरते, तेव्हा पक्षकार पाहुणा नसतो, यजमान असतो. परंड्याच्या कोर्टाची वाट याच शिवारांतून जाते. तिथे वकीलपत्र पुढे येते, अंगठा शाईच्या पॅडवर टेकतो आणि न वाचलेल्या छापील मजकुराखाली उमटतो. त्या क्षणी वाटणी, जामीन, मावेजा सारेच दुसऱ्याच्या हाती सोपवले जाते. वकिलीची नीती त्या अंगठ्यापासून सुरू होते. ती मोडणाऱ्याला जाब विचारण्याचे काम कायद्याने वकिलांच्याच संस्थेकडे दिले आहे. ते काम वेळेत आणि निर्भीडपणे झाले, तरच वकिलीचे स्वातंत्र्य टिकेल, एवढेच मला आज सांगायचे आहे.

अधिवक्ता अधिनियम 1961 च्या कलम 35 नुसार तक्रार शिस्त समितीपुढे जाते. ही समिती तिघांची असते. ती तक्रार फेटाळू शकते, वकिलाला ताकीद देऊ शकते, सनद निलंबित करू शकते किंवा वकिलाचे नाव नामावलीतून काढू शकते. बार कौन्सिलच्या नियमांनुसार पक्षकाराच्या पैशाचा हिशेब ठेवावा लागतो, आणि निकालाच्या रकमेत वाटा ठरवता येत नाही. सीना-कोळेगाव धरणाखाली ज्या तालुक्याची जमीन गेली, तिथे मावेजाच्या संदर्भात या नियमाचे मोल वेगळे सांगायला नको. मुंबईच्या एका ज्येष्ठ वकिलांनी वसुलीतला निम्मा वाटा ठरवला होता, आणि 1954 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते गैरवर्तनच मानले. फी थकली म्हणून पक्षकाराची फाईल अडवून ठेवता येत नाही, हेही त्याच न्यायालयाने 2000 साली ठरवले. मुंबईच्या फौजदारी कोर्टाच्या आवारात पक्षकारांवर झडप घालून कागद हिसकावणाऱ्या वकिलांना महाराष्ट्राच्या कौन्सिलने दोषी धरले, पण भारतीय बार कौन्सिलने त्यांना सोडले. तेव्हा राज्य कौन्सिल स्वतः अपिलात गेली. 1975 च्या त्या दाभोळकर खटल्यात सात न्यायमूर्तींच्या पीठाने तिचा अपिलाचा हक्क मान्य केला. वकिलांची संस्था लोकांच्या बाजूने उभी राहू शकते, याचा हा आपल्याच राज्यातला दाखला आहे.

कोणी म्हणेल, हरलेला पक्षकार किंवा समोरची बाजू सूड म्हणून तक्रार करते. हे खरे आहे. प्रतिज्ञापत्र करणाऱ्याची केवळ ओळख पटवणाऱ्या वकिलालाही चौकशीत ओढले गेले होते. सप्टेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी कारवाई रद्द करून महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलवरच खर्चाचा भुर्दंड बसवला. पण त्यातून तक्रारीची दारे बंद करण्याचा धडा निघत नाही. प्रथमदर्शनी तथ्य आहे का, हे कारणांसह तपासूनच पुढे जावे, हा तो धडा आहे. दुसरा आक्षेप असा की, वकिलांनी वकिलांचा न्याय करायचा म्हणजे घरातच निवाडा. मे 2024 मध्ये वकिलांची सेवा ग्राहक कायद्याबाहेर ठरल्यापासून हा आक्षेप अधिक जड झाला आहे. ग्राहक मंचाचे दार बंद झाले, म्हणजे शिस्त समितीची जबाबदारी वाढली. राज्य कौन्सिलने एका वर्षात निकाल द्यावा, नाही तर प्रकरण भारतीय बार कौन्सिलकडे जावे, असे कायदा सांगतो. या मुदतीची आठवण सर्वोच्च न्यायालयाला 2021 मध्ये पुन्हा करून द्यावी लागली. समितीवरच्या संशयाला खरे खतपाणी तिच्या रचनेपेक्षा या उशिराने घातले आहे. इथल्या शेतकऱ्याला मुंबईच्या समितीपुढची एकेक तारीख मजुरी बुडवून गाठावी लागते. निकाल वर्षानुवर्षे लांबला, तर निर्दोष वकिलाच्या डोक्यावरचा डागही तितकाच लांबतो.

म्हणून या परिषदेला माझी विनंती आहे. प्रत्येक तालुका वकील संघाच्या दारावर तक्रार कुठे आणि कशी करायची, याचा मराठी फलक लागावा. फीची पावती न मागता मिळावी. आणि वकीलपत्र आधी पक्षकाराला वाचून दाखवावे, मगच पॅड पुढे करावा.