आपल्या जिल्ह्याचं हॉल ऑफ फेम: मेडलच्या मागची नावं कुठे लिहायची?

आजचा विषय खेळाचा आहे, पण स्कोअरचा नाही. आधी एक प्रश्न, गूगल न करता उत्तर द्यायचं. तुमच्या जिल्ह्यातून मोठ्या पातळीवर खेळलेले तीन खेळाडू सांगा. जमलं? आता त्या तिघांना घडवणारे कोच सांगा. त्यांना पहिल्या स्पर्धेचं तिकीट काढून देणारा माणूस सांगा. इथे आपल्यापैकी बहुतेकांची गाडी अडते.

म्हणून आज बोलूया जिल्ह्याच्या हॉल ऑफ फेमबद्दल. म्हणजे काय, तर आपल्या भागातले खेळाडू आणि खेळासाठी राबलेली माणसं यांची कायमची, सगळ्यांना बघता येईल अशी नोंद. अमेरिकेत बेसबॉलचं असं हॉल ऑफ फेम कूपर्सटाउन नावाच्या एका छोट्याशा गावात आहे. १९३९ पासून. तिथे खेळाडूंबरोबर मॅनेजर आणि अंपायर यांनाही जागा आहे. हा मुद्दा लक्षात ठेवा.

आता आपल्याकडे येऊ. खाशाबा जाधव. कराडजवळचं गोळेश्वर गाव. १९५२, हेलसिंकी, कुस्तीत ब्राँझ. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. एवढं आपल्याला माहीत असतं. पण हेलसिंकीला जायला पैसेच नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्रिन्सिपॉल बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. विचार करा. आपल्या विद्यार्थ्यासाठी घर गहाण! खर्डेकरांनी मॅटवर पाय ठेवला नाही, पण त्यांच्याशिवाय ते पदक आलं असतं का? रेकॉर्ड बुकात त्यांच्यासाठी कॉलमच नाही.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. ओपन सोर्स प्रोजेक्टमध्ये काँट्रिब्यूटर्सची यादी असते. एखाद्याने फक्त डॉक्युमेंटेशन सुधारलं तरी नाव लागतं. खेळात मात्र आपण फक्त शेवटचं बटण दाबणाऱ्याचं नाव लिहितो.

अजून एक उदाहरण. रमाकांत आचरेकर सर. फर्स्ट क्लास मॅच किती खेळले? फक्त एक. निव्वळ आकडे बघितले तर यादीत येणारच नाहीत. पण शिवाजी पार्कवर त्यांनी किती खेळाडू घडवले, ते तुम्हाला सांगायला नको.

आणि उशीर केला की काय होतं बघा. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, अपंगत्व आलं, तरी १९७२ मध्ये हायडेलबर्गला पॅरालिंपिकमध्ये पोहण्यात गोल्ड. पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये. मधे ४६ वर्षं गेली! आपल्यातल्या कित्येकांना त्यांचं नाव कळलं ते २०२४ मध्ये सिनेमा आल्यावर. पेटकरांना निदान तो दिवस बघायला मिळाला. खाशाबांचं १९८४ मध्ये अपघातात निधन झालं, अर्जुन पुरस्कार त्यानंतर, मरणोत्तर. आता त्यांचा वाढदिवस, १५ जानेवारी, राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा होतो. छानच आहे, पण ते बघायला ते नाहीत.

तुम्ही म्हणाल, पुरस्कार आहेत की! आहेत ना. राज्याचे शिवछत्रपती क्रीडा पुरस्कार आहेत, त्यात मार्गदर्शकांचाही सन्मान होतो. पण पुरस्कार म्हणजे एका दिवसाचा सोहळा. फोटो, शाल, श्रीफळ, संपलं. हॉल ऑफ फेम ही कायमची जागा असते. शाळेची सहल तिथे जाऊ शकते. कांबळवाडीचा स्वप्नील कुसळे २०२४ मध्ये पॅरिसला नेमबाजीत ब्राँझ जिंकला. खाशाबांनंतर तब्बल ७२ वर्षांनी महाराष्ट्राला वैयक्तिक ऑलिंपिक पदक! त्याच्या फोटोशेजारी त्याच्या कोच, स्वतः ऑलिंपिक खेळलेल्या दीपाली देशपांडे यांचा फोटो असेल, तर सहलीला आलेल्या एखाद्या मुलीला कळेल की कोच होणं हेही मोठं काम आहे.

फक्त एक धोका आहे. हे वशिल्याचं दुकान होऊ नये. म्हणून नियम आधी ठरवा आणि उघडपणे लावा. बेसबॉलमध्ये निवृत्तीनंतर पाच वर्षं थांबावं लागतं आणि मतदारांपैकी ७५ टक्के मतं लागतात. आपणही असं काही करू शकतो. खेळाडूंची यादी वेगळी, योगदान देणाऱ्यांची वेगळी. प्रत्येक नावामागे पुरावा: प्रमाणपत्र, पेपरचं कात्रण, सोबत खेळलेल्यांची साक्ष. आणि वर्षाला मोजकीच नावं.

इमारत नंतर होईल. डेटा आधी वाचवायला हवा, कारण तो आत्ता डिलीट होतोय. जुने कबड्डीपटू, खो-खोच्या मुली ज्या आता आज्या झाल्यात, तालमीतले वस्ताद, मैदान आखणारे काका. त्यांच्या आठवणींचा बॅकअप कुठेच नाही.

तर या रविवारी एकच काम करा. तुमच्या गावातल्या अशा एका माणसाकडे जा. मोबाइलचा रेकॉर्डर चालू करा, अर्थात आधी त्यांना विचारून. वर्ष, स्पर्धा, संघातली नावं विचारा. आणि शेवटी एक प्रश्न नक्की विचारा: "तुमच्यासाठी कोणी काय केलं?" जी नावं पुढे येतील, ती लिहून ठेवा. तुमच्या हॉल ऑफ फेमची पहिली यादी तीच.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या, आणि जमलं तर थोडं खेळा पण!