वाफ ज्या नळीतून जाते ती नळी

(प्रभागसंघाच्या मासिक बैठकीतील भाषण)



मागच्या बैठकीत तीन गटांनी सांगितलं, गवती चहाचं तेल आणि गुलाबपाणी काढायचंय, भांडं बघून ठेवलंय. भांड्याचं सगळ्याजणी विचारतात, नळीचं कुणी विचारत नाही. आम्हीही विचारलं नव्हतं. म्हणून आज मी फक्त नळीवर बोलणार आहे.

आमच्या गटानं पहिलं यंत्र गावातच जुळवलं. स्टीलचं पिंप, झाकणाला भोक, आणि तिथून थंड पाण्याच्या टाकीत गुंडाळी करून सोडलेली बागेला पाणी घालायची पारदर्शक नळी. दुकानदार म्हणाला, "हेवी आहे, काही होत नाही." अर्ध्या तासात नळी शिजलेल्या शेवयांसारखी लोंबायला लागली. तेल आलं, पण त्याला नव्या प्लास्टिकच्या चपलेचा वास. घेणाऱ्यानं बाटली उघडली, हुंगली, परत दिली. शंभर किलो ओल्या पाल्यातून तेल निघतं अर्ध्या किलोच्या आसपास. कापणी, टेम्पो, सरपण सगळं पाण्यात गेलं. कर्जाचा हप्ता मात्र भरावाच लागला.

असं का झालं? ही नळी पीव्हीसीची. ती मऊ राहावी म्हणून तिच्यात एक तेलकट द्रव्य मिसळलेलं असतं. थंड पाण्यात ते बहुतेक जागच्या जागी बसतं. १०० अंशांची वाफ लागली की सुटतं. त्यात ही सुवासिक तेलं प्लास्टिकला, रबराला खातात. पोरं संत्र्याची साल फुग्याजवळ पिळतात आणि फुगा फट्कन फुटतो ना, तसंच. म्हणजे आमच्या बाटलीत नळीच थोडी थोडी उतरली होती. गुलाबपाणी तर आपण पाकात घालतो, तोंडाला लावतो. वास आला म्हणून आम्ही सापडलो. नसता आला तर विकून मोकळ्या झालो असतो, हे मला अजून टोचतं.

तर वाफेची वाट धातूचीच हवी, नाहीतर काचेची. सगळ्यात सोयीची स्टीलची, ३०४ ग्रेडची. दुकानदार लोहचुंबक लावून दाखवतो, "बघा, चिकटत नाही." त्याला भुलू नका. हलक्या २०२ स्टीललाही लोहचुंबक सहसा चिकटत नाही, पण ते लवकर गंजतं. नळीवरचा छापलेला आकडा बघा आणि पक्क्या बिलावर '३०४' लिहून घ्या.

तांबं चालतं का? कनौजला अत्तरवाले पिढ्यान्‌पिढ्या तांब्याच्या देगेत फुलं उकळतात, आणि वाफ न्यायला दोरी गुंडाळलेला बांबू वापरतात. पण त्यांचा हात बसलेला आहे. आपल्याला ठाऊक आहे, कल्हई नसलेल्या भांड्यात ताक कळकतं. नळीतून येणारं पाणीही किंचित आंबट असतं, आणि तांब्यानं तेलाचा रंग बिघडतो. जस्ताचा मुलामा दिलेला पाइप तर नकोच.

सांध्याकडे नीट लक्ष द्या. साध्या डाखात शिसं असतं. शिसं दिसत नाही, वासही येत नाही, आणि लहान लेकरांना सगळ्यात वाईट. अमेरिकेत चोरून दारू गाळणारे जुन्या मोटारींचे रेडिएटर वापरायचे, त्यांच्या डाखातलं शिसं दारूत उतरून माणसं आजारी पडली. (कुणी हसतंय तिकडे. दारूसाठी हे यंत्र वापरायचं नाही, परवान्याशिवाय दारू गाळणं आपल्याकडे १९४९ च्या दारूबंदी कायद्यानं गुन्हा आहे.) डाखाऐवजी आरगॉन वेल्डिंग करून घ्या. झाकणाच्या सांध्याला फूड ग्रेड सिलिकॉनची रिंग गुलाबपाण्याला चालते. तेल काढताना ती फुगते, तिथे टेफ्लॉन बरं.

नळी बारीक घेऊन पैसे वाचवू नका. पाकळी अडकली की वाफ कोंडते आणि झाकण उडतं. आत जाळी बसवा, नळीला सरळ उतार द्या, आणि शेवटचं तोंड कधीही बंद करू नका. बाहेरून थंड पाणी आणणारी नळी मात्र खुशाल साधी घ्या, तिचा मालाशी संबंध येत नाही.

कुठल्याही रबरी तुकड्याची शंका आली तर स्टीलच्या पेल्यात टाकून वर उकळतं पाणी ओता, झाकण ठेवा, तासाभरानं हुंगा. वास आला तर बाद. नाही आला म्हणून पास असं मात्र नाही, बिल आणि ग्रेड बघायचंच.

आमच्या त्या पहिल्या नळीचा तुकडा मी पिशवीत आणलाय. चहा घेताना हातात घेऊन बघा, अजून चिकट लागतो.