पैसे देणारा पाहुणा



मद्यालयांतील खाणेंपिणें व तेथील आदरातिथ्य हा आजचा विषय ऐकून कांहीं घरांतील वडील मंडळींनीं रेडिओचा कान पिळण्यासाठीं हात पुढें केला असेल. त्यांना विनंति एवढीच कीं, दहा मिनिटें थांबावें. कोणास प्यावयास सांगण्यासाठीं मी येथें आलों नाहीं. आणि पिऊं नका असें सांगण्याचें काम माझ्याहून अधिकारी लोक करीतच आहेत. मला बोलावयाचें आहे तें गिऱ्हाइकाविषयीं. माणूस पदरचे पैसे देऊन एखाद्या घरांत बसतो, खातो, पितो आणि उठून जातो. त्या तासदीड तासांत त्याला काय मिळतें, आणि जें मिळत नाहीं तें तो मागत कां नाहीं, हा माझा प्रश्न आहे.

अशा विषयासाठीं मुंबईच्या फोर्टांतील किंवा वांद्र्याच्या झगमगीत जागा सोडून मी जुन्नर व आंबेगांव हे पुणें जिल्ह्यांतील दोन तालुके निवडले, याचें कांहींना नवल वाटेल. पण प्रवाशाला खाऊंपिऊं घालण्याचा लेखी पुरावा इतका जुना फार थोड्या गांवांपाशीं असेल. कल्याण बंदराहून वर येणारी वाट नाणेघाट चढून जुन्नरास पोंचत असे. त्या जुन्नरच्या डोंगरांत बौद्ध भिक्षूंचीं लेणीं आहेत. तेथील एका ब्राह्मी लेखांत चिट नांवाच्या यवनानें संघाला भोजनमंडप दिल्याचें नमूद आहे. दुसऱ्या एका लेखांत इरिल नांवाच्या यवनानें पाण्याचीं दोन टाकीं दिलीं आहेत. समुद्रापलीकडून आलेल्या, किंवा निदान तसें कुळ सांगणाऱ्या, माणसांनीं या डोंगरांत पुण्य जोडलें तें जेवणाच्या जागेनें आणि पिण्याच्या पाण्यानें. त्याच सुमारास भडोचच्या बंदरांत परदेशी मद्य उतरत होतें आणि त्यांतल्या त्यांत इटलीचें पसंत केलें जात होतें, असें एका ग्रीक खलाशाचें प्रवासवर्णन सांगतें. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वींही गिऱ्हाइकाला आवडनिवड होती आणि व्यापारी तिची नोंद ठेवीत होता.

टाकें खोदून देणाऱ्याला पाणी पिणारा पाहुणा असतो. पाणी विकणाऱ्याला तोच पाहुणा गिऱ्हाईक होतो. पाहुण्यानें आमटी आळणी झाली असें म्हणूं नये, हा आपला शिष्टाचार. गिऱ्हाइकानें मात्र तें म्हटलेंच पाहिजे, नाहींतर खानावळ बिघडते. या दोन नात्यांची आपण जी गल्लत करतों, तिचें फळ मद्यालयांत फार स्पष्ट दिसतें.

आतां थोडें कॉकटेलविषयीं. या शब्दाचा कोंबड्याच्या शेपटीशीं काय संबंध, यावर विद्वानांचें एकमत नाहीं. तो वाद आपण त्यांच्याकडेच ठेवूं. १८०६ सालीं अमेरिकेंतील एका वृत्तपत्रानें त्याची फोड केली ती अशी: मद्य, साखर, पाणी आणि कडू अर्क. पण मिश्र पेयाची कल्पना याहून जुनी आहे. इंग्रजांच्या ‘पंच’ या पेयाचें नांव आपल्या पांच या संख्येवरून पडलें असें सामान्यतः मानतात. मद्य, साखर, लिंबू, पाणी आणि मसाला हे ते पांच जिन्नस. आणि १६३२ सालच्या कंपनीच्या पत्रव्यवहारांत तें नांव आढळतें.

सांगण्याचा मुद्दा असा कीं, कॉकटेल हा एक पदार्थ आहे. बाटलींतली व्हिस्की कारखान्यांतून जशी आली तशी पेल्यांत पडते. तींत वाढणाऱ्याचें कसब कांहीं नाहीं. मिश्र पेय मात्र आमटीसारखें कोणीतरी करावें लागतें. लिंबू किती पिळावें, बर्फ किती वितळूं द्यावा, साखर कोठें थांबवावी, हें सारें करणाऱ्याच्या हातांत असतें. म्हणून तें आंबट झालें, गोड झालें, पाणचट झालें असें म्हणतां येतें. आणि तें म्हणणारीं गिऱ्हाइकें असलीं तरच तें सुधारतें. शिवाय आंत काय घातलें तें गिऱ्हाइकाला दिसत नाहीं. तेव्हां विश्वास हवा, आणि तक्रारीची मोकळीकही हवी.

या दोन तालुक्यांत तक्रारीची मोकळीक नाहीं असें कोणी म्हणूं नये. मंचर, घोडेगांव, ओतूर, जुन्नर, कोठेंही खानावळींत बसून पाहा. मासवडी हा इकडचा मानाचा पदार्थ. बेसन शिजवून त्याची पोळी थापायची, तींत तीळ, खोबरें, लसूण, कांदा, कोथिंबीर यांचें सारण भरून वळकटी करायची, तिच्या वड्या कापायच्या, आणि झणझणीत रश्शाबरोबर व बाजरीच्या भाकरीबरोबर खायच्या. ती मागविणारा शेतकरी पहिला घांस घेतांच निकाल देतो. तीळ जळाले, रस्सा पातळ आहे, भाकर गार आहे. आणि त्याचा आवाज आंत चुलीपर्यंत जातो. मालक रागावत नाहीं. गरम भाकर येते आणि वर रश्शाची वाटीही येते. ही तालुक्याची जुनी, पक्की ग्राहकसंस्था आहे. तिला कचेरी नाहीं, पण तिचा वचक आहे.

तोच शेतकरी शेजारच्या दारांतून आंत शिरतो तेव्हां त्याचा आवाज कोठें जातो?

त्या दारावर पाटी असते, ‘परमिट रूम व बिअर बार’. या पाटींतला पहिला शब्द नीट ऐका. १९४९ सालीं मुंबई राज्यांत दारूबंदीचा कायदा झाला आणि १९५० सालीं संपूर्ण बंदी अंमलांत आली. पुढें साठीच्या दशकांत परवाने सैल झाले. कायदा मात्र राहिला. आजही कागदोपत्रीं पिणाऱ्याजवळ परवाना असावा लागतो, आणि मद्यालय हें परवानाधारकास मद्य पुरविण्याची खोली ठरतें. म्हणजे जेथें खानावळींतला माणूस गिऱ्हाईक असतो, तेथें हा सवलत मिळालेला अपराधी असतो. सवलत मिळालेला मनुष्य सोडा गार नाहीं म्हणून टेबल आपटीत नाहीं. तो कोपरा शोधतो. दिवे मंद असतात, काचा काळ्या असतात, पडदा ओढलेला असतो. आणि ओळखीचें कोणी दिसलें तर दोघेही एकमेकांना न पाहिल्यासारखें करतात. बिल कच्च्या चिठ्ठीवर येतें. तें वाचून पाहणें हेंही त्याला थांबण्यासारखें वाटतें, आणि त्याला तर लवकर बाहेर पडावयाचें असतें.

दोन वर्षांपूर्वीं मंचर ते नारायणगांव या रस्त्यावरच्या अशाच एका जागेंत माझ्या दोन मेहुण्यांबरोबर बसण्याचा प्रसंग आला. जागेचें नांव सांगण्याचें कारण नाहीं. तशा जागा पुष्कळ आहेत. छापील यादींत कॉकटेलें बारा होतीं, गुळगुळीत कागदावर, चित्रांसह. धाकट्या मेहुण्यांनीं त्यांतलें एक मागितलें. वेटर वीसबावीस वर्षांचा मुलगा होता. तो वांकून हळूच म्हणाला, “साहेब, ते नुसतं छापलंय. बिअर घ्या, गार आहे.” मला तो मुलगा त्या घरांतला सर्वांत भला माणूस वाटला. पण मेहुणे हट्टाला पेटले. अर्ध्या तासानें जें आलें तें लाल सरबत, सोडा आणि वर एक चेरी. मद्य होतें किंवा काय, हें सांगणें कठीण. तेवढ्यांत चकण्याबरोबर मागविलेली भाकर गार निघाली. आम्हीं तसें सांगतांच ती तत्काळ बदलून आली, एक शब्द न बोलतां. मग मेहुण्यांनीं पेल्याविषयीं तक्रार केली, आणि गल्ल्यावरच्या मालकानें आमच्याकडे असें पाहिलें कीं, जणूं देवळांत चप्पल घालून शिरलों होतों. एकच मालक, एकच टेबल, एकच बिल. भाकरीला एक कायदा आणि पेल्याला दुसरा. थोरले मेहुणे म्हणाले, “बाटली आणा आणि सील माझ्यासमोर फोडा.” शेजारच्या तिन्ही टेबलांवर तेंच चाललें होतें.

सील समोर फोडणें हीच येथील गिऱ्हाइकाची एकमेव तपासणी. मला तिच्यांत शहाणपण दिसतें, पण दैन्यही दिसतें. जेथें विश्वास फक्त बुचावर आहे, तेथें कोणी कोणाच्या हातचें मिश्र पेय कां घेईल? आणि कोणी घेत नसेल तर करणारा तें शिकेल कशाला? मुंबईपुण्याकडे पाहून यादी छापली गेली. गिऱ्हाईक मात्र तसें घडलें नाहीं.

यांतील गंमत अशी कीं, द्राक्षें या घराच्या परसांत पिकतात. नारायणगांव परिसरांतील काळीं जम्बो द्राक्षें सुप्रसिद्ध आहेत. १९८० नंतरच्या दशकांत शामराव चौगुले यांनीं नारायणगांवीं फ्रेंच तंत्राच्या साह्यानें फेसाळ वाइन बनविण्याचा कारखाना उभा केला, आणि त्या वाइनच्या बाटल्या ‘ओमर खय्याम’ या नांवानें परदेशांत गेल्या. २००१ सालीं राज्य सरकारनें द्राक्षप्रक्रिया उद्योगाला उत्तेजन देणारें धोरण आंखलें. चौगुल्यांचा तो उद्योग पुढें आर्थिक अडचणींत सांपडून बंद पडला. त्याचा इतिहास मोठा आहे आणि तो आज सांगण्यास वेळ नाहीं. माझ्या दृष्टीनें महत्त्वाचें एवढेंच कीं, विलायतेंतल्या टेबलावर जी बाटली योग्य तितकी गार करून, योग्य पेल्यांत ओतली जात होती, ती जेथून निघाली त्या रस्त्यावरच्या मद्यालयांत अजून वाइन मागितली तर वेटर आधीं मालकाकडे पाहतो.

आणि हाच शेतकरी स्वतः विकणारा असतो तेव्हां गिऱ्हाइकाच्या तक्रारीचें मोल त्याच्याइतकें कोणास कळतें? युरोपांत द्राक्षें पाठवावयाचीं तर बागेची नोंद करावी लागते, औषधांच्या अंशाची प्रयोगशाळेंत तपासणी होते, आणि अहवालाशिवाय पेटी हलत नाहीं. २०१० सालीं एका वाढनियंत्रक रसायनाच्या अंशावरून युरोपांतील खरेदीदारांनीं भारतीय द्राक्षें नाकारलीं. बागाईतदारांचें नुकसान झालें, आणि तेव्हांपासून फवारणीची वही अधिक काळजीनें लिहिली जाऊं लागली. हजारों कोसांवरच्या, कधीं न पाहिलेल्या गिऱ्हाइकाच्या नाराजीनें जुन्नरच्या मळ्यांतली फवारणी बदलली. तोच बागाईतदार संध्याकाळीं मद्यालयांत बसून पेल्यांत काय आहे हें विचारीत नाहीं.

स्त्रियांविषयीं दोन शब्द बोलणें अवश्य आहे. ‘कुटुंबासाठीं स्वतंत्र व्यवस्था’ ही पाटी या रस्त्यावर जागोजाग दिसते, आणि ती सोयीची आहे हें मी मान्य करतों. पण तिचा दुसरा अर्थ असा कीं, पडद्याअलीकडचे बसणारे कुटुंबवत्सल नाहींत. माझ्या परिचयाच्या एका प्राध्यापक बाईंनीं अशा कुटुंबकक्षांत लिंबूसरबत मागितलें. वेटरनें यादी पतीच्या हातीं दिली, मागणी पतीकडून घेतली, आणि सरबतांत मीठ हवें कीं साखर हेंही पतीलाच विचारलें. पति बिचारे गोंधळून त्यांच्या तोंडाकडे पाहूं लागले.

सरकारनें आणि न्यायालयांनीं मद्यालयांकडे लक्ष दिलें नाहीं असें नाहीं. पण तें लक्ष बहुधा दार कोठें असावें याकडे असतें. डिसेंबर २०१६ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें राष्ट्रीय व राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आंत मद्यविक्री नको असा निर्णय दिला, आणि तो एप्रिल २०१७ पासून लागू झाला. अपघात टाळण्याचा हेतु उत्तमच होता. नंतर शहरी हद्दींना, आणि पुढें कांहीं खेड्यांनाही, सवलत मिळाली. मधल्या काळांत देशभर अंतरें मोजलीं गेलीं. केरळांतील एका मालकानें तर दारापुढें चक्रव्यूहासारखी वळणावळणाची वाट बांधून अंतर वाढविलें. त्या वाटेनें आंत गेलेल्या माणसाला काय वाढलें जातें, हें पट्टी घेऊन मोजण्यास कोणी आलें नाहीं.

तरी मोजण्याचीं साधनें आहेत. पेगचें माप ३० किंवा ६० मिलिलिटरचें असतें, आणि तें शिक्क्याच्या मापानें भरून दाखवा असें म्हणण्याचा अधिकार गिऱ्हाइकाला आहे. उपाहारगृहाला बाटलीबंद पाण्यासारख्या वस्तूवर छापील किंमतीहून अधिक आकार घेतां येतो, असें सर्वोच्च न्यायालयानें २०१७ सालीं ठरविलें. तेव्हां त्यावरून भांडण्यांत अर्थ नाहीं. परंतु बिलांत आपोआप ‘सेवाशुल्क’ घालूं नये अशीं मार्गदर्शक तत्त्वें केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानें जुलै २०२२ मध्यें काढलीं, आणि दिल्ली उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनीं तीं मार्च २०२५ मध्यें उचलून धरलीं. मुलाला खुषीनें कांहीं द्यावयाचें तें त्याच्या हातांत द्यावें, तें निराळें. राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीचा क्रमांक १९१५ हा आहे. तो फिरविण्यास पैसे पडत नाहींत आणि मराठींत बोलतां येतें. खतांच्या पिशव्यांविषयीं आणि बिघडलेल्या पंपांविषयीं त्या क्रमांकावर तक्रार केलेले लोक मला या तालुक्यांत भेटले आहेत. पेल्याविषयीं केलेलें एकही गिऱ्हाईक अजून भेटावयाचें आहे.