तळघरातला पंखा



गेल्या हिवाळ्यात भाच्याचा अमेरिकेहून फोन आला. हा आमचा भाचा आकुर्डीत वाढला, हिंजवडीत पाच-सहा वर्षं नोकरी करून न्यू जर्सीला गेला आणि तिथंच घर घेऊन राहिला. म्हणाला, “मामू, घराच्या तळघरात रेडॉन निघालाय.” रेडॉन म्हणजे घूस, वाळवी असलं काही असेल असं मला वाटलं. मी म्हटलं, “मग औषध टाक ना.” तो हसला, पण नेहमीसारखं नाही.

माझं शिक्षण बी.ए.पर्यंतचं, आणि उभा जन्म कवितेत गेला. त्यामुळे हा रेडॉन मला शिकून घ्यावा लागला. तो एक वायू आहे. रंग नाही, वास नाही, चव नाही. खडकात आणि मातीत थोडंफार युरेनियम असतंच. ते युगानुयुगं झिजत जातं, त्यातून रेडियम होतं आणि रेडियममधून हा वायू. उघड्यावर आला तर वाऱ्यात विरून जातो, कुणाचं काही बिघडत नाही. पण घराखालच्या मातीतून फरशीच्या भेगांवाटे तो बंद खोलीत शिरला, तर तिथंच साठतो. पावणेचार-चार दिवसांत निम्मा संपतो खरा. पण संपताना जे कण मागे ठेवतो ते धुळीला चिकटून श्वासाबरोबर फुप्फुसात जातात आणि तिथं किरणांचा मारा करतात. फुप्फुसाच्या कर्करोगाचं तंबाखूनंतरचं दुसरं मोठं कारण म्हणून जागतिक आरोग्य संघटना याचं नाव घेते.

ही गोष्ट जगाला नीट कळली तीही न्यू जर्सीच्या शेजारच्या पेनसिल्व्हेनिया राज्यात. १९८४च्या डिसेंबरात तिथल्या लिमरिक अणुवीज केंद्रात स्टॅन्ली वॉट्रस नावाच्या अभियंत्यामुळे किरणोत्सर्गाचा इशारा देणारी घंटा सारखी वाजू लागली. केंद्र तर अजून सुरू व्हायचं होतं. शोध घेतल्यावर कळलं, की हा माणूस किरणोत्सर्ग कामावरून घरी नेत नव्हता, घरून कामावर आणत होता! त्याच्या घरातला रेडॉन तिथल्या आजच्या मर्यादेच्या जवळजवळ ७०० पट होता. कुटुंबाला घर सोडावं लागलं. पुढं घराची दुरुस्ती झाली आणि ते परत राहायलाही आले. त्या भागात युरेनियम जास्त असलेल्या खडकांचा एक पट्टा आहे. तो पेनसिल्व्हेनियातून न्यू जर्सीत आणि पुढं न्यूयॉर्क राज्यात जातो. भाच्याचं घर त्याच पट्ट्यात.

घर घेताना त्याला चाचणी करून घेता आली असती. पण तेव्हा एकेका घरावर पाच-पाच गिऱ्हाइकं तुटून पडत होती. अट घातली तर घर हातचं जाईल म्हणून त्यानं ती सोडून दिली. आता शेजाऱ्याचं घर विक्रीला निघालं, तिथं गिऱ्हाइकानं चाचणी केली आणि रेडॉन निघाला, तेव्हा हा जागा झाला. दुकानातून पंचवीसेक डॉलरची कोळशाची डबी आणली, दारं-खिडक्या बंद ठेवून तळघरात तीन दिवस ठेवली आणि टपालानं प्रयोगशाळेला पाठवली. आकडा आला ११ पिकोक्युरी. तिथलं सरकार म्हणतं, ४ च्या वर गेलात तर उपाय करा. आपल्या बेकरेलच्या हिशेबात हे हवेच्या घनमीटरला ४०० च्या आसपास झालं. जागतिक आरोग्य संघटना तर शक्यतो १०० च्या आत राहा म्हणते.

आता खर्चाचं ऐका. उपाय करणाऱ्या माणसानं १,४५० डॉलर सांगितले. तिकडं अशा कामाला घराप्रमाणे साधारण ८०० ते २,५०० डॉलर पडतात, म्हणजे भाव मधलाच होता. पण आपल्या रुपयांत तो सव्वा लाखाच्या घरात जातो. शिवाय पंखा चोवीस तास, बाराही महिने चालायचा, त्याची वीज. काही वर्षांनी पंखा बदलायचा, त्याचे काहीशे डॉलर. दर दोन वर्षांनी पुन्हा चाचणी. भाचा चाचरत होता. म्हणाला, भेगा बुजवायची नळी वीस डॉलरला मिळते, तीच वापरून बघतो. नुसत्या भेगा बुजवून भागत नाही, हे त्यालाही ठाऊक होतं. खिडक्या उघड्या ठेवाव्यात तर बाहेर बर्फ, आणि घर तापवण्याचं बिल पंख्याच्या बिलाच्या कितीतरी वर जाणार.

मला राहवलं नाही. हेच तळघर दोन वर्षांपूर्वी त्यानं सजवून घेतलं होतं. गालिचा, मोठा पडदा, सिनेमा बघायला खुर्च्या. त्याला ३०,००० डॉलर लागल्याचं त्यानंच मला कौतुकानं सांगितलं होतं. दिसणाऱ्या गोष्टीला हात सैल आणि न दिसणाऱ्या गोष्टीला आखडता, असं मी त्याला बोललोही. मामा असल्यामुळे तेवढा हक्क आहे.

पण निर्णय माझ्या बोलण्यानं झाला नाही.

त्या तळघरात एक शेजघरही आहे. ते आमच्या आपाचं, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचं आणि दुल्हाभाईंचं. इथून जाणाऱ्या कितीतरी आईवडिलांची तिकडं अशीच सोय असते: खालची खोली, स्वतंत्र न्हाणीघर, जिना चढायला नको. सुनेच्या बाळंतपणाला दोघं नोव्हेंबरात गेले ते एप्रिलात परतले. ऐन थंडी, सगळं बंद. आणि रेडॉन थंडीतच जास्त वर चढतो, कारण घरातली गरम हवा वर जाऊन बाहेर पडते आणि तिच्या जागी घर खालून मातीतली हवा ओढून घेतं.

दुल्हाभाईंनी भोसरीच्या एका फाउंड्रीत तीस वर्षं देखभालीचं काम केलं. क्युपोला भट्टीचा ब्लोअर, धूळ ओढणारी नळकांडी, हे सगळं त्यांच्या हाताखालचं. भाच्यानं व्हिडिओ कॉलवर कंत्राटदाराचा कागद वाचून दाखवला: फरशीला भोक पाडायचं, खालची थोडी माती काढायची, त्यात चार इंची पाइप बसवायचा, तो भिंतीबाहेरून छपराच्या वर न्यायचा आणि मध्ये पंखा जोडायचा. दुल्हाभाई म्हणाले, “अरे, हा तर आमचा डस्ट कलेक्टर! खालून ओढायचं न् धुराड्यातून वर सोडायचं. याला सव्वा लाख? भोसरीत पाइप, ब्लोअर, मजुरी धरून पंधरा हजारांत करून देतो.” आम्ही हसलो. भाचा सांगत होता की तिथं या कामाला परवाना लागतो, एक दिवसाची मजुरीच केवढी असते, नंतरची चाचणी असते.

तेवढ्यात आपानं विचारलं, “आम्ही तिथं झोपत होतो तेव्हा तो होता का रे?”

भाचा गप्प झाला. मग म्हणाला, “असणारच अम्मी.”

आपा एवढंच म्हणाली, “आणि पोरगी तिथंच खेळते ना रोज?”

दुसऱ्या दिवशी त्यानं कंत्राटदाराला आगाऊ रक्कम भरली.

माझ्या मनातून मात्र आपाचा प्रश्न जाईना. दुल्हाभाईंनी चाळीस वर्षं विड्या ओढल्या. सोडून आठ वर्षं झाली. रेडॉन आणि तंबाखू एकत्र आले की धोका नुसता वाढत नाही, कैक पटींनी वाढतो. ओळखीच्या छातीच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, हा हिशेब वर्षानुवर्षांच्या श्वासांचा असतो. पाच-सहा महिन्यांनी झोप उडवून घेऊ नका. त्यांच्या फुप्फुसांचं जे व्हायचं ते विडीनं आणि फाउंड्रीच्या धुळीनं आधीच केलंय. हे ऐकून धीर आला की नाही, सांगता येत नाही.

आपल्याकडं काय, हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. आपण सुदैवी आहोत. पिंपरी-चिंचवडच काय, दख्खनच्या पठाराचा मोठा भाग काळ्या कातळावर उभा आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा हा कातळ, आणि त्यात युरेनियम ग्रॅनाइटपेक्षा बरंच कमी. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी देशभरच्या घरांत छोट्या फिल्म टांगून मोजमापं केली, तर सरासरी जगाच्या सरासरीहून खालीच आली. त्याला आपली उघडी दारं-खिडक्याही कारण आहेत. स्वयंपाकघरातल्या ग्रॅनाइटच्या ओट्याचं काय, असं माझ्या सुनेनं घाबरून विचारलं. ओट्यातून निघतो तो बहुधा किरकोळ असतो. फोडणीच्या धुरासाठी खिडकी उघडली की तोही जातो.

पण आपली घरंही आता बदलतायत. रस्त्याची धूळ, डास आणि एसी यांच्यापायी खिडक्या बंद राहायला लागल्या. चिंचवडला एका इमारतीच्या तळघरात स्पर्धा परीक्षेची अभ्यासिका आहे. वर्गमित्राचा मुलगा तिथं बसतो म्हणून मी एकदा डोकावलो. वीस-पंचवीस मुलं, एकही खिडकी नाही, बारा-बारा तास. आपला कातळ चांगला आहे म्हणून तिथं रेडॉन फारसा नसेलही. पण कोळशाची एक डबी तिथं ठेवून बघायला मला आवडेल.

न्यू जर्सीत पाइप बसला. महिन्याभरानं पुन्हा चाचणी केली तेव्हा आकडा दीडच्या खाली आला. पाइपवर वाकडी नळी लावलेली असते, इंग्रजी यू अक्षरासारखी, आत रंगीत तेल. पंखा ओढत असेल तर एका बाजूचं तेल वर चढतं, दुसऱ्या बाजूचं खाली उतरतं. फाउंड्रीतली जुनी ओळखीची वस्तू! आता दर जुम्म्याला फोन झाला की दुल्हाभाई नातीला सांगतात, “बेटा, खाली जाऊन नळी दाखव.” ती फोन घेऊन धावत जिना उतरते. हे चष्मा पुसून बघतात, तेलाच्या दोन पातळ्यांमधलं अंतर बोटानं पडद्यावर मोजतात आणि भाच्याला बजावतात, “दोन्ही बाजू सारख्या दिसल्या की पंखा मेला समज. मग पोरीला वरच ठेवायचं.”