प्रार्थनेच्या वह्या



मराठी ख्रिस्ती साहित्याचा आढावा माझ्या छापील अध्यक्षीय भाषणात आहे, तो सवडीने वाचा. 1616 च्या ‘ख्रिस्तपुराणा’पासून निघून ‘ज्ञानोदय’ नियतकालिकावर थोडे टेकायचे आणि कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांना वंदन करून खाली बसायचे, हे आपण दरवेळी करतो. आज मला ते जमणार नाही.

माझी तक्रार जुनी आहे. आपण मिशनऱ्यांची चरित्रे लिहितो, मंडळ्यांचे इतिहास लिहितो, आपण अस्सल मराठी आहोत याचे पुरावे जमवतो. पण गुडघे टेकल्यावर आपल्या मनात काय चालते, देव गप्प राहिला तेव्हा आपण काय केले, हे कोणी लिहीत नाही. ते खाते आपण प्रवचनाकडे देऊन टाकले आहे. आणि प्रवचनात उत्तर आधी ठरते, प्रश्न मागाहून येतो. पाळकांनी रागावू नये, मीही प्रवचने केली आहेत.

एका मंडळीचे मासिक मी बरीच वर्षे चालवले. मृत्युलेख ढिगाने येत. सगळेच दिवंगत देवभीरू, सगळेच प्रभूमध्ये झोपी गेलेले. एकदा मिशन दवाखान्यातल्या एका निवृत्त नर्सबाईंचा मृत्युलेख घेऊन त्यांचा मुलगा आला. आई रोज रात्री वहीत प्रार्थना लिहायची, असे सहज बोलून गेला. मी वही मागून घेतली. नवरा वारल्यानंतरची पाने होती. बाईंनी देवाला सरळ विचारले होते: लोकांच्या लेकीसुना माझ्या हातून सोडवल्यास, मग माझ्या घरी कुठे होतास? पुढे कितीतरी पाने नुसत्या तारखा. मग एके दिवशी: मीठ संपले आहे, आणि तुझ्याशी बोलल्याशिवाय राहवत नाही.

हे छापू या, म्हणालो. मुलगा म्हणाला, “नको सर, आईचा विश्वास डळमळला होता असं लोक म्हणतील.” वही परत गेली. देवभीरू तेवढ्या छापून आल्या.

इथे कालच्या परिसंवादात भक्ती अभंगात खुलते की ऑर्गनवरच्या गीतात, यावर दुपार गेली. नर्सबाईंच्या त्या वहीत टिळकांचा अभंग होता, खाली इंग्रजी चालीवरचे कडवे होते, आणि समासात वाण्याची उधारी. माझ्यापुरता वाद तिथेच मिटला.

टिळकांचा बाप्तिस्मा 1895 चा, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा 1900 चा. मधल्या वर्षांतला संताप, सोवळेओवळे, ताटातूट, सगळे लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात आहे. त्या बाईंनी काही झाकले नाही. हे हस्तलिखित आज आपल्या एखाद्या संपादक मंडळापुढे आले असते, तर ‘मंडळीच्या उन्नतीस पोषक नाही’ असा शेरा मारून आपण ते साभार परत केले असते! खुद्द टिळकांनी 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा उभारला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती. आपण त्यांची तसबीर लावतो आणि खाली बसून सभासदत्वाचे नियम करतो.

घरोघरच्या अशा वह्या, पत्रे, बायबलच्या कोऱ्या पानांवरची टिपणे गोळा करावीत, असे माझ्या मनात आहे. कोणी करायची, ठेवायची कुठे, ते कार्यकारिणीने बघावे. एखादी समिती नेमा हवी तर, मात्र तिच्यात मला घेऊ नका, माझे बैठकांशी जमत नाही. तोवर तुमच्या आजीच्या पेटीत काही सापडले तर रद्दीत घालू नका, माझ्याकडे पाठवा. नातेवाइकांची समजूत कशी घालायची, ते नंतर बघू.